बस चालवणाऱ्या बापाची लेक मेटाची प्रेसिडेंट कशी झाली? डिना पॉवेल मॅककॉर्मिक यांची गोष्ट, आणि तिच्याभोवतीचे प्रश्न

जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेत दोन दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या.

पहिली १२ जानेवारीची. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी असलेल्या मेटाने प्रेसिडेंट आणि व्हाइस चेअरमन या पदावर डिना पॉवेल मॅककॉर्मिक यांची नेमणूक केली. इजिप्तमध्ये जन्मलेल्या डिना वयाच्या चौथ्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आल्या, तेव्हा त्यांना इंग्रजीचा एक शब्दही येत नव्हता. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सोशल मीडियावर पोस्ट टाकून त्यांचं अभिनंदन केलं.

दुसरी बातमी १४ जानेवारीची. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ७५ देशांतल्या लोकांना कायमच्या वास्तव्याचा व्हिसा देण्याचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. कारण काय दिलं, तर या देशांतून येणारे लोक सरकारी मदतीवर अवलंबून राहण्याची शक्यता जास्त. पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ ही नावं त्या यादीत होती. भारत नव्हता. पण इजिप्त होता.

पहिल्या बातमीतल्या बाई सरकार, परराष्ट्र खातं, वॉल स्ट्रीटची बँक आणि आता टेक कंपनी अशा चार दुनियांमध्ये वावरल्या. त्या इथपर्यंत कशा पोहोचल्या आणि मेटाला नेमक्या त्याच का हव्या होत्या, हे समजून घेतलं की आज अमेरिकेत सत्ता आणि पैसा कुठे जोडला जातो तेही समजतं.

कैरोहून थेट डॅलस

डिना यांचं माहेरचं नाव डिना हबीब. जन्म १९७३ चा, कैरोतला. घरचे लोक कॉप्टिक ख्रिश्चन. म्हणजे मुस्लिमबहुल इजिप्तमधला जुना ख्रिश्चन समाज. वडील इजिप्तच्या सैन्यात कॅप्टन होते, आई कैरोतल्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत शिकलेली. थोडक्यात, घर खाऊनपिऊन सुखी आणि शिकलेलं.

पण अमेरिकेत गेल्यावर कॅप्टनपदाला कोण विचारतो? टेक्सासमधल्या डॅलसला पोहोचल्यावर वडिलांनी बस चालवली. आईवडिलांनी मिळून किराणा आणि रोजच्या वस्तूंचं छोटं दुकान चालवलं. परदेशात गेलेल्या पहिल्या पिढीची ही नेहमीची गोष्ट. पदवी आणि हुद्दा विमानतळावरच राहतो, आणि पुढची वीस वर्षं मुलांसाठी खपण्यात जातात.

घरात अरबीच बोलायचं, हा आईवडिलांचा नियम होता. शाळेत बाकीच्या मुली डब्यात सँडविच आणि वेफर्स आणायच्या, डिनांच्या डब्यात द्राक्षाच्या पानांचे रोल, हमस आणि फलाफल असायचे. त्या वयात त्यांना त्याची लाज वाटायची, हे त्यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे. पण ज्या भाषेचा तेव्हा संकोच वाटायचा, तीच पुढे त्यांच्या करिअरमधलं सगळ्यात मोठं भांडवल ठरली.

लॉ स्कूल राहिलं ते राहिलंच

डिना टेक्सास युनिव्हर्सिटीच्या ऑस्टिन कॅम्पसमध्ये शिकल्या. ऑस्टिन ही टेक्सासची राजधानी. शिकता शिकता खर्च भागवण्यासाठी त्यांनी तिथल्या राज्य सिनेटमध्ये सहायकाची नोकरी धरली. राजकारणाची ओळख तिथे झाली.

१९९५ मध्ये पदवी मिळाली. पुढचा बेत लॉ स्कूलचा होता. पण त्याच सुमारास टेक्सासच्या रिपब्लिकन सिनेटर के बेली हचिसन यांच्या वॉशिंग्टनमधल्या ऑफिसात इंटर्नशिप मिळाली. लॉ स्कूल एक वर्ष पुढे ढकलायचं असं ठरलं. आईवडिलांना हे अजिबात रुचलं नाही. मुलीने डॉक्टर, इंजिनीअर किंवा वकील व्हावं, ही अपेक्षा कैरोतल्या आईबापांची आणि कोथरूडमधल्या आईबापांची सारखीच.

ते एक वर्ष कधी संपलंच नाही. इंटर्नशिपनंतर डिनांना प्रतिनिधी सभेतले रिपब्लिकन नेते डिक आर्मी यांच्या ऑफिसात काम मिळालं, तिथून त्या रिपब्लिकन पक्षाच्या मुख्यालयात गेल्या. २००० साली टेक्सासचेच गव्हर्नर जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा डिना त्यांच्या प्रचारात होत्या. बुश जिंकले आणि डिनांचा व्हाइट हाऊसमध्ये प्रवेश झाला.

२९ व्या वर्षी ४ हजार नेमणुका

२००३ च्या सुरुवातीला बुश यांनी त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या नेमणुका पाहणाऱ्या ऑफिसचं प्रमुख केलं. तेव्हा त्यांचं वय २९. त्या पदावर इतक्या लहान वयाचं आधी कोणी बसलं नव्हतं.

या पदाचं वजन कळायला एक फरक लक्षात घ्यावा लागतो. आपल्याकडे सरकार बदललं की मंत्री बदलतात, पण सचिव, कलेक्टर, आयुक्त हे आयएएसचे अधिकारी तेच राहतात. फार तर बदल्या होतात. अमेरिकेत तसं नाही. तिथे नवा राष्ट्राध्यक्ष आला की सुमारे ४ हजार पदांवर तो आपली माणसं नेमतो. त्यात मंत्री, उपमंत्री, राजदूत, वेगवेगळ्या आयोगांचे सदस्य असे सगळे आले. यातल्या हजाराहून जास्त पदांना सिनेटची मंजुरीही लागते.

कोणाची शिफारस कोणी केली, कोण भरवशाचा आहे, कोणाला कुठलं पद हवंय आणि कोणाला ते देता येणार नाही, हे सगळं या ऑफिसातून हलतं. आणि ज्या बाईने फोन करून तुम्हाला राजदूतपद मिळाल्याची बातमी दिली, तिचं नाव तुम्ही आयुष्यभर विसरत नाही.

डिनांच्या पुढच्या प्रवासाची किल्ली इथे आहे. त्या अर्थशास्त्रज्ञ नाहीत, बँकर म्हणून घडलेल्या नाहीत, इंजिनीअर तर नाहीतच. कोण माणूस कुठे बसतो, त्याला काय हवं असतं आणि दोन माणसांना एका टेबलावर कसं आणायचं, हे त्यांचं कौशल्य. ते त्यांनी २९ व्या वर्षी देशातल्या सगळ्यात मोठ्या नोकरभरतीच्या टेबलावर बसून शिकून घेतलं.

अरबी बोलणारी अमेरिकन

२००५ मध्ये डिना परराष्ट्र खात्यात गेल्या. कोंडोलिझा राईस तेव्हा परराष्ट्रमंत्री होत्या. शैक्षणिक आणि सांस्कृतिक विभागाच्या सहायक परराष्ट्रमंत्री हे त्यांचं पद. आपल्याकडच्या अनेकांना माहीत असलेली फुलब्राइट शिष्यवृत्ती याच विभागाच्या अखत्यारीत येते.

काळ मात्र अवघड होता. इराक युद्ध सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. अबू घरेब तुरुंगातले कैद्यांच्या छळाचे फोटो २००४ मध्येच जगभर पोहोचले होते. अरब देशांत अमेरिकेबद्दल प्रचंड राग होता. त्यातच ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर व्हिसाचे नियम कडक झाल्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिका आपल्याला नको म्हणते आहे असं वाटायला लागलं होतं.

अशा वेळी अरबी वाहिन्यांवर जाऊन दुभाष्याशिवाय अरबीत बोलणारी, कैरोत जन्मलेली अमेरिकन अधिकारी ही अमेरिकेच्या दृष्टीने मोठी सोय होती. त्यांनी विद्यार्थी आणि अभ्यासकांच्या देवाणघेवाणीचे कार्यक्रम वाढवण्यावर भर दिला आणि सरकारी कार्यक्रमांत खासगी कंपन्यांना भागीदार करून घ्यायला सुरुवात केली.

याचा उपयोग किती झाला, यावर मतभेद आहेत. टीका करणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता. बॉम्ब टाकणारं धोरण तेच असताना शिष्यवृत्त्या वाटून प्रतिमा सुधारत नाही. अरब जगातला रागही त्या काळात काही ओसरला नाही. पण सरकार, कंपन्या आणि परदेशी नेते यांना एकत्र आणण्याची सवय डिनांना इथे लागली. आणि वॉल स्ट्रीटला नेमकं हेच हवं होतं.

गोल्डमन सॅक्स : पैसा आणि प्रतिमा

२००७ मध्ये त्या गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेत मॅनेजिंग डायरेक्टर म्हणून रुजू झाल्या. २०१० मध्ये पार्टनर झाल्या. गोल्डमनमध्ये पार्टनर होणं म्हणजे वॉल स्ट्रीटवरच्या सगळ्यात हव्याहव्याशा पंगतीत पाट मिळणं. अनेक बँकर आयुष्यभर घासूनही तिथपर्यंत पोहोचत नाहीत.

डिनांकडे बँकेच्या समाजकार्याची आणि गोल्डमन सॅक्स फाउंडेशनची जबाबदारी होती. मार्च २००८ मध्ये बँकेने '१० हजार विमेन' हा कार्यक्रम जाहीर केला. विकसनशील देशांतल्या १० हजार महिला उद्योजकांना व्यवसायाचं शिक्षण द्यायचं, त्यासाठी १० कोटी डॉलर बाजूला ठेवायचे. हिशेब कसा ठेवायचा, कर्जासाठी बँकेसमोर काय मांडायचं, माणसं कशी नेमायची, अशा कामाच्या गोष्टी त्यात शिकवल्या जायच्या. भारतात हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस या कार्यक्रमात सहभागी होती. पुढे ५६ देशांतल्या महिला त्यातून शिकून गेल्या.

शिक्षण झालं तरी कर्ज कोण देणार, हा प्रश्न उरतोच. म्हणून २०१४ मध्ये जागतिक बँक गटातल्या आयएफसी या संस्थेबरोबर महिला उद्योजकांच्या कर्जासाठी ६० कोटी डॉलरची योजना आली. त्याआधी २००९ मध्ये अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकांसाठी '१० हजार स्मॉल बिझनेसेस' हा ५० कोटी डॉलरचा कार्यक्रम सुरू झाला होता. त्यात वॉरन बफे यांच्यासारखं नाव जोडलेलं होतं.

आता तारखा बघा. पहिला कार्यक्रम जाहीर झाला त्याच महिन्यात बेअर स्टर्न्स ही बँक कोसळली आणि आर्थिक संकटाचा भडका उडाला. त्याच वर्षी गोल्डमनने सरकारकडून १० अब्ज डॉलरची मदत घेतली, जी नंतर परत केली. दुसरा कार्यक्रम आला तेव्हा बँकेच्या बोनसवरून लोक संतापलेले होते. २०१० मध्ये घरकर्जांवर आधारलेल्या एका व्यवहाराबद्दल गोल्डमनने ५५ कोटी डॉलर भरून खटला मिटवला. त्यामुळे 'हे समाजकार्य नाही, प्रतिमेला रंगसफेदी आहे' अशी टीका झाली.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. शिकून धंदा वाढवलेल्या बाईसाठी तो अभ्यासक्रम खरा होता. आणि बदनाम बँकेला त्यातून चांगलं नाव मिळालं, हेही खरं होतं. डिनांचं काम या दोन्हींच्या मधल्या जागेत होतं.

ट्रम्प यांचं व्हाइट हाऊस

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आले. बुश यांच्या काळातले बरेच रिपब्लिकन अधिकारी त्यांच्यापासून लांब राहिले. डिना आत गेल्या. सुरुवातीला त्यांचं काम इव्हांका ट्रम्प यांच्याबरोबर महिला उद्योजकता आणि आर्थिक विषयांवर होतं. दोनच महिन्यांत, मार्च २०१७ मध्ये, त्या उपराष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाल्या.

एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेने सीरियाच्या हवाई तळावर ५९ टॉमाहॉक क्षेपणास्त्रं डागली. त्या रात्रीचा ट्रम्प यांच्या मार-ए-लागो निवासस्थानातल्या बंद खोलीचा फोटो प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती सगळे पुरुष, आणि त्यांच्यात एकच बाई. ती डिना. अमेरिकेबाहेरच्या अनेकांनी त्यांचा चेहरा पहिल्यांदा तिथे पाहिला.

त्याच महिन्यात आणखी एक घटना घडली. आया हिजाझी ही इजिप्शियन-अमेरिकन तरुणी कैरोत रस्त्यावरच्या मुलांसाठी संस्था चालवायची. तिला जवळपास तीन वर्षं तुरुंगात ठेवलं होतं. इजिप्तचे अध्यक्ष अब्देल फतेह अल-सिसी यांच्या वॉशिंग्टन भेटीनंतर तिची सुटका झाली. अमेरिकेच्या सरकारी विमानातून तिला घरी आणायला डिना गेल्या होत्या. ज्या शहरातून चार वर्षांची मुलगी म्हणून त्या निघाल्या होत्या, तिथूनच एका मुलीला सोडवून आणायला त्या अमेरिकन सरकारच्या प्रतिनिधी म्हणून परतल्या.

ट्रम्प यांच्या पहिल्या परदेश दौऱ्यातला सौदी अरेबियाचा टप्पा, जॅरेड कुशनर यांच्याबरोबर इस्रायल-पॅलेस्टाइन बोलणी, डिसेंबर २०१७ चं राष्ट्रीय सुरक्षा धोरण, या सगळ्यात त्यांचा वाटा होता. भारताचा प्रमुख जागतिक शक्ती म्हणून होणारा उदय स्वागतार्ह आहे, अशी भूमिका याच धोरणात मांडलेली होती.

पण याच सरकारने सत्तेवर येऊन आठवडा होताच सात मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांना अमेरिकेत प्रवेशबंदी केली. ऑगस्ट २०१७ मध्ये ट्रम्प यांनी एका विधेयकाला पाठिंबा दिला. त्यात नातेवाइकांच्या आधारे येणाऱ्यांची संख्या कमी करून इंग्रजी आणि उच्च शिक्षण असणाऱ्यांना प्राधान्य द्यायचं होतं. ते विधेयक पुढे सरकलं नाही. पण इंग्रजी न येता आलेली मुलगी त्या सरकारमध्ये काय करतेय, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. दुसऱ्या बाजूने ट्रम्प समर्थकांमधल्या कडव्या गटाला त्या आपल्या वाटत नव्हत्या, कारण त्या गोल्डमनमधून आलेल्या होत्या.

डिनांनी जाहीरपणे कोणाशी वाद घातला नाही. वर्षभर काम केलं, २०१८ च्या सुरुवातीला बाहेर पडल्या आणि ट्रम्प यांच्याशी संबंधही बिघडू दिले नाहीत. त्या व्हाइट हाऊसमधून भांडून किंवा अपमान होऊन गेलेल्यांची यादी पाहिली, तर ही साधी गोष्ट नव्हती.

सार्वभौम निधी म्हणजे काय रे भाऊ?

फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या गोल्डमनमध्ये परतल्या, यावेळी थेट व्यवस्थापन समितीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निक्की हेली यांनी संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूतपदाचा राजीनामा दिला, तेव्हा ट्रम्प यांनी डिनांचं नाव घेतलं होतं. दोन दिवसांत त्यांनी नकार कळवला आणि त्या बँकेतच राहिल्या.

यावेळी त्यांच्याकडे महत्त्वाचं काम आलं ते सरकारं आणि सार्वभौम निधींबरोबरच्या व्यवसायाचं. सार्वभौम निधी म्हणजे देशाच्या मालकीची गुंतवणुकीची तिजोरी. तेल विकून मिळालेला पैसा सगळा खर्च न करता काही देश तो जगभरच्या कंपन्यांत, जमिनींत, रोख्यांत गुंतवतात. नॉर्वे, सौदी अरेबिया, अबू धाबी, कतार यांचे असे निधी आहेत आणि त्यांत शेकडो अब्ज डॉलर आहेत.

या तिजोरीची चावी बहुतेक वेळा राज्यकर्त्यांच्या किंवा राजघराण्याच्या हातात असते. तिथे नुसतं बँकेचं प्रेझेंटेशन चालत नाही. ओळख लागते, भरवसा लागतो, शिष्टाचार कळावा लागतो. अरबी येणारी, दोन राष्ट्राध्यक्षांबरोबर काम केलेली, आखाती नेत्यांना आधीपासून भेटलेली व्यक्ती तिथे किती कामाची, हे वेगळं सांगायला नको.

२०२३ मध्ये त्या बीडीटी अँड एमएसडी पार्टनर्स या श्रीमंत घराण्यांना आणि संस्थापकांना सल्ला देणाऱ्या कंपनीत वरिष्ठ पदावर गेल्या. एप्रिल २०२५ मध्ये मेटाच्या संचालक मंडळावर आल्या, डिसेंबरमध्ये तिथून राजीनामा दिला आणि जानेवारीत थेट प्रेसिडेंट झाल्या.

मेटाला त्या कशासाठी हव्यात?

उत्तर एका शब्दात, पैसा. आणि दुसऱ्या शब्दात, परवानग्या.

एआयच्या शर्यतीत टिकायचं तर प्रचंड डेटा सेंटर लागतात. त्यांना जमीन, चिप, पाणी आणि सगळ्यात जास्त वीज लागते. मेटाने २०२५ मध्ये सुमारे ७२ अब्ज डॉलर भांडवली खर्च केला. २०२६ साठी कंपनीने ११५ ते १३५ अब्ज डॉलरचा अंदाज दिला. या दशकात अनेक दहा गिगावॅट क्षमतेची यंत्रणा उभी करण्याचा मार्क झुकेरबर्ग यांचा बेत आहे. एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट. हे आकडे कंपनीचे राहत नाहीत, देशाच्या वीजनियोजनाचे होतात.

एवढा पैसा मेटासारख्या कंपनीलाही खिशातून काढणं जड जातं. म्हणून नवे मार्ग शोधले जातायत. लुइझियाना राज्यातल्या 'हायपेरियन' डेटा सेंटरसाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये मेटाने ब्लू आउल कॅपिटल या गुंतवणूक कंपनीबरोबर २७ अब्ज डॉलरचा करार केला. त्यात ८० टक्के मालकी ब्लू आउलच्या निधींची आणि २० टक्के मेटाची. म्हणजे इमारत दुसऱ्याची, वापर मेटाचा. असे आणखी करार करायचे तर मोठ्या गुंतवणूकदारांशी आणि सरकारांशी सतत बोलणारं माणूस हवं. सरकारं आणि सार्वभौम निधींबरोबर भागीदारी करून एआयसाठी पैसा आणि यंत्रणा उभी करणं हाच डिनांच्या कामाचा भर असेल, असं झुकेरबर्ग यांनी नेमणुकीच्या वेळीच सांगितलं.

२००८ मध्ये फेसबुकने शेरिल सँडबर्ग यांना आणलं होतं. त्यासुद्धा अमेरिकेच्या अर्थखात्यात काम केलेल्या. पण तेव्हा कंपनीला जाहिरातींतून पैसे कसे कमवायचे हे शिकवणारं माणूस हवं होतं. आता तो प्रश्न सुटलाय. आता प्रश्न सत्तेशी जुळवून घेण्याचा आहे.

तोही साधा नाही. २०२१ मध्ये अमेरिकन संसदेवरच्या हल्ल्यानंतर मेटाने ट्रम्प यांची खाती बंद केली होती. जानेवारी २०२५ मध्ये त्या प्रकरणातला ट्रम्प यांचा खटला मिटवण्यासाठी कंपनीने अडीच कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. त्याच महिन्यात अमेरिकेतली स्वतंत्र फॅक्ट-चेकिंगची व्यवस्था बंद करायचं जाहीर केलं. बुश यांच्या व्हाइट हाऊसमध्ये काम केलेले जोएल कॅप्लन धोरण विभागाचे प्रमुख झाले. डिनांची नेमणूक ही याच माळेतला पुढचा मणी.

फिरता दरवाजा

सरकारी पदावरून खासगी कंपनीत, तिथून परत सरकारमध्ये, परत कंपनीत. अमेरिकेत याला फिरता दरवाजा म्हणतात. डिनांचं करिअर हे त्याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण.

यात बेकायदा काही नाही. आपल्याकडे निवृत्त आयएएस अधिकाऱ्याला खासगी नोकरी धरायची तर एक वर्ष थांबावं लागतं किंवा सरकारची परवानगी काढावी लागते. अमेरिकेतही वरिष्ठ अधिकाऱ्यांना आपल्या जुन्या खात्यात लॉबिंग करायला ठरावीक काळ बंदी असते. पण कायदा लॉबिंगला अडवतो, ओळखींना अडवू शकत नाही. कोणाचा फोन पहिल्या रिंगला उचलला जातो, हे कुठल्याच फॉर्ममध्ये भरावं लागत नाही.

डिनांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. त्यांचे पती डेव्हिड मॅककॉर्मिक हे ब्रिजवॉटर या बड्या हेज फंडाचे माजी प्रमुख आणि २०२५ पासून पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर आहेत. जुलै २०२५ मध्ये त्यांनी पिट्सबर्गमध्ये ऊर्जा आणि एआयवर एक परिषद भरवली. ट्रम्प स्वतः आले, आणि सुमारे ९० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीच्या घोषणा झाल्या. विषय होता डेटा सेंटर आणि त्यांना लागणारी वीज.

म्हणजे नवरा ज्या संसदेत बसतो तिथे टेक कंपन्यांवरचे, एआयवरचे, मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेवरचे कायदे ठरणार. आणि बायको ज्या कंपनीची प्रेसिडेंट, तिला त्या प्रत्येक कायद्याचा फायदा किंवा तोटा होणार. दोघांपैकी कोणी काही गैर केलंय असं नाही. पण सिनेटरने अशा मतदानातून बाजूला राहावं, अशी सक्ती करणारा नियम तिथे नाही. सगळा भरवसा माणसाच्या सचोटीवर.

उलट बाजूही ऐकायला हवी. सरकार कसं चालतं हे ठाऊक असलेली माणसं कंपन्यांत असतील, तर निर्णय शहाणपणाचे होतात. आणि कर्तबगार बाईला नवऱ्याच्या पदामुळे नोकरी नाकारायची, तर तोही अन्यायच. डिनांचं करिअर मॅककॉर्मिक सिनेटर होण्याच्या, किंबहुना त्यांच्याशी लग्न होण्याच्याही कितीतरी आधीचं आहे.

आपला काय संबंध?

मेटाची कुठली ना कुठली सेवा रोज वापरणारे जगात साडेतीन अब्जांच्या आसपास लोक आहेत आणि व्हॉट्सॲपची सगळ्यात मोठी बाजारपेठ भारत आहे. २०२० मध्ये मेटाने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३ हजार ५७४ कोटी रुपये गुंतवले. २०२५ मध्ये रिलायन्सबरोबर एआयसाठी ८५५ कोटींची संयुक्त कंपनी जाहीर केली. समुद्राखालून टाकायची ५० हजार किलोमीटरची केबल भारतालाही जोडणार आहे.

म्हणजे सरकारांशी बोलणी करायला मेटाने नेमलेली व्यक्ती कधी ना कधी दिल्लीतल्या टेबलावरही बसणार. त्या टेबलावर डेटा कुठे साठवायचा, वीज कोणाची, पोस्ट कोणाच्या सांगण्यावरून काढायची, हे विषय असतील. आपण ज्या कंपनीच्या ॲपवर ही बातमी फॉरवर्ड करतो, ती आता नुसती सोशल मीडिया कंपनी राहिलेली नाही, ती देशांशी देशांसारखी बोलते. म्हणूनच तिला राजनैतिक अनुभव असलेली प्रेसिडेंट लागली.

राहिला प्रश्न त्या दोन बातम्यांचा. डिना पॉवेल मॅककॉर्मिक यांची गोष्ट अमेरिकेत अनेक वर्षं अभिमानाने सांगितली गेली. कष्टाळू बाप, दुकानात राबणारी आई, आणि व्हाइट हाऊसपर्यंत गेलेली मुलगी. डिना स्वतःही ती सांगतात. यात मेहनत त्यांची आहेच. पण त्या मेहनतीला जागा मिळाली, कारण त्या काळात कैरोहून आलेल्या एका कुटुंबासाठी दार उघडं होतं. इंग्रजी न येणारी मुलगी पुढे काय करेल, आणि सैन्यातला कॅप्टन इथे बस चालवून घर सांभाळू शकेल का, याचा अंदाज व्हिसाच्या खिडकीवर बसलेला कुठलाही अधिकारी बांधू शकला नसता.

आज कैरोतल्या तशाच एखाद्या कुटुंबाने कायमच्या व्हिसासाठी अर्ज केला, तर तो अडकून राहील. जो निर्णय त्यांना अडवतो, तो घेणाऱ्या राष्ट्राध्यक्षांनीच दोन दिवस आधी डिनांचं अभिनंदन केलं होतं.